आडव्या मुठीच्या मागावर: चेन्नई ते तंजावर

निघण्यापूर्वी

कट्यार हा शब्द मराठीत इतका सैल झाला आहे की कमरेला खोचलेल्या कोणत्याही आखूड शस्त्राला आपण तेच नाव देऊन मोकळे होतो. दिनदर्शिकांवरील चित्रांत, शाळेच्या स्नेहसंमेलनांत आणि लग्नात नवरदेवाच्या हाती जे दिसते ते बहुधा उभ्या मुठीचे, सुरीसारखे धरायचे शस्त्र असते. त्याला खंजीर म्हणणे अधिक बरोबर ठरेल. कट्यार ओळखायची ती मुठीवरून. दोन समांतर पोलादी पट्ट्या, त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या एक किंवा दोन आडव्या दांड्या, आणि त्या दांड्या मुठीत आवळल्या की बोटांच्या सांध्यांपुढे थेट हाताच्या रेषेत निघालेले पाते, असा तिचा घाट असतो. खंजीर चालवताना मनगट वळवावे लागते. कट्यारीचा वार म्हणजे सरळ ठोसाच, आणि त्यामागे खांद्याचे सगळे बळ उभे राहते.

चिंचवडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे टूलरूममध्ये काढली असल्यामुळे कोणतेही हत्यार पाहिले की ते कापते कसे याआधी ते धरतात कोठे याकडे माझे लक्ष जाते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दख्खनी शस्त्रांसमोर मी अनेकदा रेंगाळलो आहे. विंचवाच्या नांगीसारखा दुहेरी वळणाचा आणि कड्यासारख्या मुठीचा बिचवा, अंगभर पोलादी असलेले चिलानम, चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी पाठ जाड ठेवलेला पेशकब्ज, हिरव्या जेडच्या मुठीचे मोगली खंजीर ही सर्व मंडळी आता ओळखीची झाली आहेत. परंतु तंजावरच्या जुन्या कट्यारींना हाताच्या पाठीवर येणारा पोलादी पडदा असे आणि पुढे उत्तरेकडील कट्यारींनी तो टाकून दिला, हे वाचल्यापासून ती मूठ प्रत्यक्ष पाहायची इच्छा होती. त्या कट्यारींपैकी बऱ्याच चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहेत. भाचा चेन्नईत नोकरी करतो, त्यामुळे उतरण्याची सोय होती, आणि जानेवारीत तिकडे हवाही सुसह्य असते. इतके कारण मला पुरेसे होते.

पहिला दिवस, शुक्रवार

सकाळी चेन्नईला उतरलो, अंघोळ आटोपली आणि एग्मोरच्या पॅन्थिऑन रस्त्यावरील संग्रहालयाकडे निघण्याच्या तयारीत असताना भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, आज शुक्रवार. संग्रहालय बंद असतं." मी पुण्याहून निघताना रेल्वेच्या वेळा, धर्मशाळेचा दर आणि वेल्लूरच्या बसचे थांबेसुद्धा वहीत टिपून आणले होते, साप्ताहिक सुट्टी तेवढी पाहिली नव्हती. चूक संपूर्ण माझी होती. सेंट जॉर्ज किल्ल्यातील संग्रहालयही शुक्रवारीच बंद असते, हे त्याने पुढे सांगितले तेव्हा माझा चेहरा बहुधा फारच पडला असावा, कारण त्याने लगेच सुट्टी टाकली आणि आम्ही वेल्लूरची बस धरली.

वेल्लूर सुमारे १४० किलोमीटरवर आहे. मराठी माणसाला या किल्ल्याची ओळख सभासद बखरीतून होते: पाण्याने भरलेला खंदक, त्यातील असंख्य सुसरी आणि समोरच्या डोंगरांवर मराठ्यांनी उभारलेले साजरा आणि गोजरा हे दोन मोर्चे. शिवाजी महाराजांच्या सैन्याने १६७७ मध्ये घातलेला वेढा वर्षाहून अधिक चालला आणि १६७८ मध्ये किल्ला हाती आला. सुसरी आता नाहीत, खंदकाला मात्र आजही पाणी आहे आणि त्यात तटाच्या मोठमोठ्या घडीव दगडांचे प्रतिबिंब पडते.

याच बखरीत प्रतापगडच्या भेटीचे जे वर्णन आहे त्यात अफझलखान राजांच्या कुशीत चालवतो ते शस्त्र जमदाड आहे. बिचवा आणि वाघनख आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतात, जमदाड मात्र कोणी लक्षात ठेवत नाही. यमाची दाढ असा त्या शब्दाचा अर्थ सांगितला जातो, आणि अकबराच्या काळातील ऐन-इ-अकबरीमधील शस्त्रांच्या यादीत जमधर म्हणून जे नाव येते ते याच कुळातले आहे. त्या ग्रंथातील चित्रात जमधर म्हणून आडव्या मुठीचे शस्त्र दाखवले आहे, म्हणजे ज्याला आज आपण कट्यार म्हणतो तेच. सभासदाने ही बखर लिहिली ती या मुलखात, जिंजीच्या मुक्कामी, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. तेव्हा प्रतापगडावरील जमदाडीची हकीकत कागदावर उतरली ती कट्यारीच्या जुन्या माहेरात, ही गोष्ट त्या दिवशी बसमध्ये मला प्रथमच जाणवली.

किल्ल्यातील जलकंठेश्वराच्या देवळात शिरल्यावर डाव्या हाताला कल्याणमंडप आहे. विजयनगरच्या काळातील या मंडपाचे खांब म्हणजे मागच्या पायांवर उभे राहिलेले घोडे आणि याळी, म्हणजे सिंहाचे अंग आणि सोंड असलेला दक्षिणेतील तो कल्पित पशू. स्वारांचे लगाम, खोगिराचे गोंडे, पायाशी लढणारी माणसे हे सर्व एकाच दगडातून काढलेले आहे. तो याळी मी नीट पाहून ठेवला, कारण तोच उद्या पोलादात भेटणार होता. परतीच्या बसमध्ये भाचा झोपला आणि मी, शुक्रवार अगदीच वाया गेला नाही, असे स्वतःला समजावत राहिलो.

दुसरा दिवस, शनिवार

संग्रहालयाचे दार उघडण्यापूर्वीच आम्ही हजर होतो. ही संस्था १८५१ मध्ये सुरू झालेली आहे, आणि पाहायला येणारे बहुतेक लोक तिच्या कांस्यमूर्तींसाठी येतात, ते योग्यही आहे. शस्त्रांच्या दालनात आमच्याखेरीज शाळेची एक सहल होती आणि त्या मुलांचे सर्व लक्ष वळरीकडे, म्हणजे फेकून मारायच्या वाकड्या दांडक्याकडे लागले होते. मला हवी तशी शांतता मिळाली.

तंजावरचे राज्य खालसा झाले ते १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्र न ठेवता वारल्यानंतर. राजवाड्याच्या शस्त्रागारात शतकांचा साठा होता. नव्या धन्याच्या दृष्टीने ते निरुपयोगी लोखंड होते; १८६० नंतरच्या काही वर्षांत त्यातील बहुतेक शस्त्रे मोडून भंगारात काढली गेली, काही निवडक मद्रासच्या संग्रहालयात आली आणि काही बाजारामार्गे पुढे युरोप-अमेरिकेतील संग्रहांत पोहोचली. टूलरूममध्ये जुन्या डाय, म्हणजे पत्रा दाबून घडवायचे पोलादी साचे, भंगारात जाताना मी पाहिल्या आहेत. त्या वेळी आपण एखादी लपवून ठेवतो तशी कोणीतरी ही शस्त्रे बाजूला काढली असणार, असे वाटत राहते.

एका कट्यारीपुढे मी तासभर तरी बसून होतो. तिच्या मुठीला दोन आडव्या दांड्या आहेत आणि त्यांच्या मधोमध फुगीर गाठी सोडल्या आहेत, ज्यामुळे घामेजलेल्या हातातही दांडी फिरत नाही. दोन्ही बाजूच्या पट्ट्या मुठीच्या मागे मनगटापलीकडे जातात. पुण्यात मला पडलेला प्रश्न हाच होता की या पट्ट्या इतक्या लांब का. येथे काचेसमोर स्वतःची मूठ धरून पाहिली तेव्हा उत्तर हातालाच मिळाले. पाते चिलखतात अडकले किंवा तिरके लागले तर ते मनगट पिरगाळू पाहते, आणि त्या वेळी हाताच्या दोन्ही अंगांना टेकलेल्या या पट्ट्या ते पिरगळणे थोपवतात. शिवाय शत्रूची तलवार मनगटावर आली तर पहिला घाव त्यांच्यावर पडतो.

आणि मग तो पडदा. पात्याच्या बुडाशी, पाते पकडून ठेवणाऱ्या कवळीतून एक पोलादी पान उगवते आणि शिडात वारा भरल्यासारखे फुगून बोटांच्या पाठीवर येते. पान सपाट नाही. त्याला आतून खोली आणि बाहेरून मधोमध उंचवटा दिलेला आहे, म्हणजे पातळ पत्र्याला वाक देऊन ताठर करण्याची जी युक्ती आम्ही प्रेसकामात वापरतो तीच. कडेने जाळीकाम केलेले आहे, त्यामुळे वजन उतरते आणि तलवारीचे टोक आत शिरत नाही. पानाचे मागचे टोक वळून याळीच्या मुखाचे झाले आहे. वेल्लूरच्या खांबावर माणसापेक्षा उंच असलेला तो पशू येथे अंगठ्याच्या नखाएवढा होऊन जबडा उघडून बसला आहे. दुसऱ्या एका कट्यारीवर याळीच्या जागी नागाचा फणा आहे. हे अलंकरण वरून चिकटवलेले नाही. याळीच्या गळ्याचा बाक आणि पडद्याचा बाक एकच आहे, आणि कानस चालवणाऱ्या हाताला हे सांगावे लागत नाही की असे काम करताना कोठे थांबायचे हे आधी ठरवावे लागते.

पाते मात्र वेगळ्याच गावचे आहे. त्यावरून लांबीने जाणाऱ्या खोबणी आहेत, हलकेपणासाठी पाडलेल्या, अगदी सरळ आणि एकसारख्या. त्या मुठीकडे येताना हळूहळू उथळ होत संपत नाहीत. कवळीच्या दोन पट्ट्यांखाली अर्धवट तुटल्यासारख्या शिरतात. म्हणजे मुळात हे पाते लांब होते, ते कोणी कापले आणि कवळीत घालून आरपार खिळे ठोकून पक्के केले. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत युरोपातून जहाजांनी आलेल्या तलवारींच्या पात्यांना दक्षिणेत मोठी मागणी होती. आपल्याकडेही तशाच पात्यांना खांड्याची मूठ चढवून फिरंग हे नाव मिळाले. कट्यारीत तेच आखूड होऊन बसले. गंमत अशी की ज्या उक्कू पोलादाची जगभर ख्याती होती ते याच दक्षिणेचे. गोवळकोंड्याच्या मुलखातून त्याचे गोळे मच्छलीपट्टणच्या बंदरातून इराणकडे जात होते आणि त्याच किनाऱ्यावर परकी पाती उतरत होती.

दालनात याच्या शेजारी देशी पात्यांच्या कट्यारीही आहेत, आणि त्यांचा हिशेब निराळा आहे. पात्याच्या मधोमध उभी शीर, तिच्या बाजूंना आणखी शिरा, त्यांच्यामध्ये खोलवर कोरून काढलेले पोलाद, आणि टोकाजवळ पाते अचानक जाड होऊन चौकोनी सुळ्यासारखे होते. हे जाड टोक चिलखताच्या एका कडीत शिरून ती फोडण्यासाठी असते. कडी एकदा उसवली की मागचे रुंद पाते आपली वाट स्वतः करते. ज्याने टोक घडवले त्याने शत्रूच्या अंगावर काय असेल ते पुरते ओळखले होते.

दुपारी आवारातील झाडाखाली डबा खाताना भाच्याने विचारले की पाते जर विकतचे, तर कारागिराने केले काय. माझ्या मते तोच कळीचा मुद्दा आहे. तंजावर-विजयनगरच्या कारागिरांनी पाते बाहेरून घेतले, पुन्हापुन्हा घेतले, मूठ मात्र कोणाची घेतली नाही. पोर्तुगीज आणि डच तलवारींच्या मुठींना चांगल्या गुंतागुंतीच्या जाळ्या असत, त्या उचलणे अवघड नव्हते. तरीही येथल्या माणसाने परक्या पात्याची मूठ काढून टाकली आणि त्याला आपली आडवी मूठ दिली. पाते झिजते, तुटते, बदलता येते. सवय मुठीत राहते.

मग उत्तरेकडे पडदा का गेला? मोगल आणि राजपूत चित्रांत कट्यार पटक्यात खोचलेली दिसते, सरदाराच्या पोटाशी, मूठ वर डोकावणारी, तिच्यावर सोन्याची कोफ्तगिरी. पोलादावर बारीक जाळीदार चरे पाडायचे, त्यात सोन्याची तार ठोकून बसवायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायची, हे काम उदयपूरचे कारागीर अजून करतात. अशी कट्यार रणापेक्षा दरबारात अधिक वेळ घालवत असे, आणि कमरेला गुंडाळलेल्या रेशमी पटक्यात पडद्यासारखे पान अडकत राहिले असते. शिवाय पडदा मूठच झाकतो, मग सोने दाखवायचे कोठे? हा माझा तर्क आहे, पण मी त्यावर ठाम आहे. दक्षिणेची शस्त्रे उत्तरेत पोहोचण्याची वाटही माहीत आहे: बिकानेरचा अनुपसिंह औरंगजेबाच्या बाजूने दख्खनेत लढला, आणि १६८९ मध्ये अदोनीहून आलेली शस्त्रे बिकानेरच्या किल्ल्यात आजही आहेत. पुढे उत्तरेकडील कारागिरांनी हौसेच्या कट्यारीही पुष्कळ केल्या: मूठ दाबली की पात्याच्या आतून दुसरे पाते निघून तीन फाळ होणाऱ्या, बाजूच्या पट्ट्यांवर छोटी पिस्तुले बसवलेल्या, पोटात लहान कट्यार लपवलेल्या. माझ्यासारख्याला त्यांचे बिजागर पाहायला मजा येते, पण शस्त्र म्हणून त्यांच्याबद्दल फारसा आदर वाटत नाही. हलणारा भाग वाढला की बिघडणारा भाग वाढतो.

रात्री एग्मोरहून रॉकफोर्ट एक्स्प्रेसने तिरुचिरापल्लीला निघालो. भाचा स्थानकावर सोडायला आला होता. डब्यात दही-भात आणि लोणचे होते. गाडी सुटल्यावर दिवा मालवण्यापूर्वी वहीत टिपून आणलेला इब्न बतूताचा उतारा वाचला. १३३३ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या या मोरोक्कन प्रवाशाने कत्तारा नावाचे एक शस्त्र सांगितले आहे: नांगराच्या फाळासारखे, ज्यात हात घालतात, जे कोपरापर्यंतचा हात झाकते आणि पुढे दोन हात लांब निघते. नांगराच्या फाळाची उपमा मला फार पटली. आजच पाहिलेली मूठ, बाजूच्या पट्ट्या आणि तो पडदा एकत्र धरले तर चौदाव्या शतकातील परदेशी माणसाला याहून चांगली उपमा सुचणार नव्हती.

तिसरा दिवस, रविवार

तिरुचिरापल्लीहून श्रीरंगम जवळ आहे. कावेरी आणि कोल्लिडम यांच्यामधल्या बेटावरचे हे क्षेत्र. सात प्राकारांचे, म्हणजे एकात एक तटबंद आवारांचे, हे देऊळ एक गावच आहे, आणि बाहेरच्या प्राकारांत खरोखरच घरे, दुकाने आणि शाळा आहेत. दर्शनाची रांग मोठी होती. रंगनाथाची क्षमा मागून मी आधी चौथ्या प्राकारातील शेषगिरिरायर मंडपाकडे वळलो.

वेल्लूरचे घोडे येथे अधिक उंच आणि अधिक मोकळे झाले आहेत. पुढचे पाय हवेत, स्वार मागे रेललेला, आणि त्याच्या पायाखाली पायदळाचे शिपाई वाघांशी झुंजतात. एका शिपायाने उडी घेतलेल्या वाघाच्या अंगात शस्त्र खुपसले आहे. त्याची मूठ आवळलेली आहे आणि पाते बोटांच्या सांध्यांपुढे सरळ निघाले आहे. कोपर मागे, खांदा पुढे, सगळे अंग त्या एका रेषेत. संग्रहालयात काचेमागे पडलेली कट्यार ही वस्तू असते. येथे ती कशी चालवायची याचा धडाच दगडात कोरून ठेवला आहे. खंजिराने असा वार करता येत नाही, कारण खंजीर वरून खाली किंवा खालून वर येतो, समोरून धावून आलेल्या प्राण्याच्या वेगाविरुद्ध सरळ रेटण्यासाठी मनगट ताठ राहावे लागते. वाघाच्या शिकारीत कट्यार वापरल्याच्या कथा राजपुतान्यातही सांगितल्या जातात आणि मला त्या नेहमी अतिशयोक्त वाटत. त्या अजूनही वाटतात, परंतु हत्याराची रचना त्यांच्या विरोधात नाही, एवढे मी आता मान्य करतो.

मी खाली वाकून, मान तिरकी करून शिपायाच्या हाताचे रेखाटन करत होतो. तेथे बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ते पाहिले, बोटाने कट्यार दाखवली आणि "कट्टारी" एवढाच शब्द उच्चारला. मी "कट्यार" म्हणालो. ते हसले. त्यांना मराठी येत नव्हते आणि मला तमिळ, पण संभाषण पूर्ण झाले होते.

संध्याकाळी बसने तंजावरला पोहोचलो. बसचा प्रवास सांगण्याजोगा नव्हता.

चौथा दिवस, सोमवार

सकाळी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. राजराज चोळाचे ते प्रचंड शिखर सोडून मी नैर्ऋत्येच्या भिंतीवरील मराठी शिलालेख शोधत फिरलो, याबद्दल कोणाला हसू येईल. दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने १८०३ मध्ये कोरलेला भोसले कुळाचा हा इतिहास ओळीमागून ओळी भिंतीवरून चालत राहतो, आणि पुण्यापासून हजार किलोमीटरवर ओळखीची भाषा दगडावर वाचताना माणूस आपोआप मोठ्याने वाचू लागतो.

राजवाडा नायकांनी बांधला आणि व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यानंतर भोसल्यांकडे आला. दरबार हॉलचे रंग, सरस्वती महालातील ग्रंथ, कलादालनातील कांस्यमूर्ती यांच्याविषयी इतरत्र पुष्कळ लिहिलेले आहे. मला पाहायचे होते ते कूडगोपुरम्, म्हणजे आवारातला तो उंच, देवळाच्या शिखरासारखा मनोरा, जो टेहळणीसाठी आणि १८५५ पर्यंत शस्त्रागार म्हणून वापरात होता. परवा काचेमागे पाहिलेल्या कट्यारी एके काळी येथे होत्या. आता त्याच्या कोनाड्यांत पारवे आहेत. सभोवार फिरून मी त्याचा एक फोटो काढला, आणि त्या फोटोत पारव्यांखेरीज काही दिसत नाही.

दुपारी एका घरी जायचे होते. भाच्याच्या कार्यालयातील सहकाऱ्याचे हे आजोळ. घराणे पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी आणि देवघरात एक कट्यार असल्याचे त्याने सांगितले होते. घरातील आजींचे वय ऐंशीच्या पुढे असावे. त्यांची मराठी कानाला आधी परकी वाटते, चाल तमिळची, मधूनमधून शब्दही तमिळ. मग एखादे क्रियापद असे येते की ते आपण फक्त पोथीत वाचलेले असते. माझी मराठी त्यांना तितकीच विचित्र वाटत असावी, कारण त्यांनी दोनदा मला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावले आणि नातीकडे पाहून हसल्या. कॉफी झाली. मग त्यांनी पदर खोचला, देवघरातून लाल फडक्यात गुंडाळलेली कट्यार आणली आणि पाटावर ठेवली. खंडेनवमीला तिची पूजा होते. शेजारपाजारी त्या दिवशी आयुधपूजा असते, त्यामुळे वेगळे काही सांगावे लागत नाही.

परवानगी घेऊन मी ती हातात घेतली. आयुष्यात प्रथमच. वजन अपेक्षेपेक्षा कमी होते, आणि तोल मुठीच्या थोडा पुढे, पात्याच्या बुडाशी पडत होता. माझी चार बोटे त्या दोन पट्ट्यांमध्ये मावेनात. खिशातील व्हर्नियर काढून मापले तर आतील रुंदी साडेसात सेंटिमीटर भरली. माझ्या बोटांना साडेआठ तरी लागते. जुन्या माणसांचे हात लहान होते असे याचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. मी करंगळी बाहेर न काढता सगळी बोटे एकमेकांवर दाबून नेटाने आत घातली, आणि मूठ जागच्या जागी अशी जखडली की कट्यार हलवायची तर मनगट नव्हे, सगळा हातच हलवावा लागला. सैल मूठ येथे चालणारच नाही. ड्रिल पकडणारा चक जितका घट्ट तितके भोक सरळ, हे शिकाऊ मुलांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

पाते देशी होते, मधोमध एक शीर, टोक जाड, एका बाजूने गंज चढून पुसला गेलेला. पडदा नव्हता. मात्र मूठ उजेडाकडे तिरकी केली तेव्हा कवळीच्या वरच्या अंगाला दोन छोटी भोके दिसली, आरपार, कडा झिजून गोल झालेल्या. दोहोंतील अंतर आणि त्यांची जागा पाहून माझ्या छातीत धडधडू लागले, कारण पडद्याचे पान खिळ्यांनी बसवायचे असेल तर ते नेमके तेथेच बसेल. पान पुढे तुटले असेल किंवा कोणी नव्या चालीप्रमाणे काढून टाकले असेल. मी वहीतील चेन्नईचे रेखाटन काढून आजींना दाखवले, हाताची पाठ झाकून दाखवली, खिळे कसे ठोकले असतील तेही सांगितले. त्यांनी सगळे लक्षपूर्वक ऐकून घेतले.

मग म्हणाल्या की ती भोके दोऱ्यासाठी आहेत. त्यांच्या सासूबाई खंडेनवमीला त्यांतूनच लाल दोरा ओवत आणि त्यांच्याही सासूबाई तसेच करत. गेल्या वर्षीचा दोरा विटला होता. नातीला रीळ आणायला सांगून आजींनी चष्मा लावला, दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले केले, आणि दोरा पहिल्या भोकातून आत घालून दुसऱ्यातून बाहेर काढेपर्यंत कट्यार मी दोन्ही हातांनी धरून ठेवावी अशी खूण केली.